आधी नजर, मग खरेदी : जुन्या जपानी तलवारींच्या छंदाचा आढावा

होन्जो मासामुने ही जपानमधल्या सर्वांत नावाजलेल्या तलवारींपैकी एक. तोकुगावा शोगुनांच्या घराण्यात ती पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली आणि १९३९ साली तिला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. जपान दुसरं महायुद्ध हरल्यावर दोस्त सैन्याने शस्त्रं जमा करण्याचा हुकूम काढला. डिसेंबर १९४५ मध्ये तोकुगावा घराण्याच्या प्रमुखाने घरातल्या इतर तलवारींबरोबर तीही तोक्योतल्या मेजिरो पोलीस ठाण्यात जमा केली. पुढच्याच महिन्यात त्या सगळ्या तलवारी अमेरिकन लष्कराच्या माणसाकडे सोपवल्या गेल्या. त्यानंतर होन्जो मासामुने कुणाच्याही दृष्टीस पडलेली नाही.

त्याच धामधुमीत कागोशिमा इथल्या तेरुकुनी देवस्थानाची कुनिमुने ही तलवार जपानबाहेर गेली. तीही राष्ट्रीय ठेवा. पुढे ती अमेरिकेत वॉल्टर कॉम्प्टन यांच्या हाती आली. कॉम्प्टन पेशाने औषध कंपनीचे प्रमुख होते, पण जपानी तलवारींचा त्यांचा अभ्यास मोठा होता. ही तलवार कोणती हे कळल्यावर १९६० च्या दशकात त्यांनी ती कसलाही मोबदला न घेता देवस्थानाला परत केली.

या छंदाचं सगळं मर्म या दोन कहाण्यांत आहे. जुनी जपानी तलवार कुणाच्या हाती पडते यावर तिचं भवितव्य ठरतं, आणि तो हात जाणत्याचा असेल तरच ती टिकते. म्हणून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला पहिली गोष्ट सांगायची ती हीच की आधी नजर तयार करावी आणि पैसे नंतर काढावेत. हा क्रम उलटा झाला की खिशाचं नुकसान होतंच, आणि बऱ्याचदा वस्तूचंही होतं.

वस्तू नेमकी कोणती?

ही तलवार बनते ती तामाहागाने नावाच्या पोलादापासून. लोहवाळू आणि लोणारी कोळसा मातीच्या भट्टीत, म्हणजे तातारात, थरावर थर घालून तीन दिवस आणि तीन रात्री जाळत ठेवतात. शेवटी भट्टी फोडून सुमारे अडीच टनांचा एक ओबडधोबड गोळा बाहेर काढतात आणि त्यातला निवडक भागच तलवारीसाठी वापरतात. शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमो इथे १९७७ पासून अशी भट्टी पुन्हा चालू झाली असून दर हिवाळ्यात ती पेटते. आजच्या परवानाधारक लोहारांना पोलाद मिळतं ते मुख्यतः तिथूनच.

हे पोलाद तापवून, ठोकून, पुनःपुन्हा घडी घालून त्यातली मळी काढतात आणि कर्बाचं प्रमाण सारखं करतात. या घड्यांमुळे पात्याच्या अंगावर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी उमटते. आपल्याकडच्या जुन्या पोलादी पात्यांवर दिसणारा जौहर मुशीत वितळलेल्या पोलादाच्या स्फटिकांतून येतो. जपानी पात्यावरची नक्षी घड्यांतून येते. दोन्ही देखण्या असल्या तरी त्यांचा उगम अगदी वेगळा आहे.

मग येतो खरा कसोटीचा क्षण, पाणी देण्याचा. पात्याला मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. लालबुंद पातं पाण्यात बुडवलं की धारेचा भाग झटकन थंड होऊन अतिशय कठीण होतो आणि पाठ तुलनेने मऊ, चिवट राहते. दोन्ही भागांच्या प्रसरणातल्या फरकामुळे पात्याला बाक येतो. कठीण आणि मऊ पोलादाच्या सीमेवर जी पांढुरकी रेघ उमटते, तिला हामोन म्हणतात.

लांबीवरून प्रकार ठरतात. जपानी शाकू हे माप सुमारे ३०.३ सेंटिमीटरचं. दोन शाकूंच्या वर असेल तर काताना किंवा ताची, एक ते दोन शाकूंच्या दरम्यान वाकिझाशी आणि त्याहून लहान तान्तो. ताची कमरेला धार खाली ठेवून लटकवत, काताना धार वर ठेवून पट्ट्यात खोचत.

काळाची विभागणीही छांदिष्टाला पाठ हवी. १५९६ पर्यंतच्या बाकदार तलवारी त्या कोतो. तिथून १७८० च्या सुमारापर्यंतच्या शिन्तो, १८७६ पर्यंतच्या शिन्शिन्तो आणि पुढे १९४५ पर्यंतच्या गेन्दाइतो. १८७६ हे वर्ष महत्त्वाचं, कारण त्या साली मेइजी सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगायला बंदी केली. शतकानुशतकं चाललेला व्यवसाय एका हुकमाने बसला.

पातं वाचायचं कसं

जाणकार आधी आकार पाहतो. पातं हात लांब करून उभं धरायचं आणि फक्त बाह्यरेषेकडे बघायचं. बाराव्या शतकाच्या आसपासची ताची सडपातळ असते, तिचा बाक मुठीजवळ खोल असतो आणि टोक लहान असतं. चौदाव्या शतकात, दोन राजदरबारांच्या यादवीच्या काळात, पाती रुंद, लांबलचक आणि मोठ्या टोकाची झाली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बाक उथळ झाला आणि पातं टोकाकडे चांगलंच निमुळतं झालं. नुसत्या आकारावरून शतक सांगता येणं ही पहिली इयत्ता.

दुसरी पायरी हामोनची. पातं दिव्याच्या दिशेने डोळ्यांच्या पातळीत धरून हळूहळू कलवलं की रेघ उजळते. ती सरळ आहे, लाटांसारखी आहे, की लवंगेच्या फुलांच्या झुपक्यांसारखी? रेघेवर सुटे चमकदार कण दिसले तर ते निए, आणि कण वेगळे न दिसता धुक्यासारखा पट्टा दिसला तर तो निओई. बिझेन प्रांतातल्या जुन्या कामात निओईचा धुरकट, फुलारलेला हामोन ठळक. सागामी प्रांतातल्या सोश्यू परंपरेत निएचे कण भरपूर आणि हामोन आवेगाचा.

तिसरी पायरी पोलादाच्या अंगाची. पातं दिव्याखाली आडवं धरून घड्यांची नक्षी पाहायची. यामातो परंपरेत सरळ रेषा, इतरत्र लाकडाच्या आडव्या छेदासारखी नक्षी. यामातो, यामाशिरो, बिझेन, सोश्यू आणि मिनो या पाच जुन्या परंपरा. गाण्यात दोन आलापांवरून घराणं ओळखावं, तसा तयार डोळा पात्यावरून परंपरा ओळखतो, आणि पुढे लोहारापर्यंतही पोचतो.

या नजरेची तालीम देण्यासाठी जपानमध्ये एक सुंदर पद्धत आहे, कान्तेई. मेजावर काही पाती मांडलेली असतात, बहुधा पाच. प्रत्येकाचा मुठीकडचा भाग झाकलेला, त्यामुळे सही दिसत नाही. पात्याला नमस्कार करून ते उचलायचं, आकार, नक्षी, हामोन, टोकातली रेघ पाहायची आणि कागदावर लोहाराचं नाव लिहून द्यायचं. परीक्षक शेरा देतो. नाव बरोबर, त्याच शाळेतला लोहार, प्रांत बरोबर पण माणूस वेगळा, किंवा काळच चुकला. शेरा पाहून पुन्हा पातं उचलायचं आणि पुन्हा लिहायचं. यात विकत घेणं, मालकी, किंमत काहीच नसतं, फक्त पाहणं असतं. कुठल्याही संग्राहकाच्या शिक्षणाची यापेक्षा चांगली रीत मला ठाऊक नाही.

मुठीआडचा पुरावा

पात्याचा जो भाग मुठीत जातो त्याला नाकागो म्हणतात. तो कधीच घासत नाहीत, तेलपाणी करून चकचकीत करत नाहीत. त्यावरचा गंज हा तलवारीचा जन्मदाखला असतो. सहाशे वर्षांचा गंज दाट, काळपट तपकिरी आणि गुळगुळीत असतो. आम्लाने घाईघाईत आणलेला गंज लालसर आणि भुसभुशीत दिसतो. त्याखाली कानशीचे चरे असतात, तिरके, आडवे किंवा पिसासारखे दोन बाजूंना उतरणारे. प्रत्येक शाळेची कानस मारण्याची ठरलेली धाटणी असते. मूठ पक्की करणारी बांबूची खुंटी ज्या भोकातून जाते, ते हाताने पाडलेलं आहे की यंत्राने, हेही पाहिलं जातं. कित्येक नाकागोंना दोन-तीन भोकं असतात. म्हणजे तलवार आयुष्यात कधीतरी आखूड केली गेली.

हे आखूड करणं नीट समजून घ्यायला हवं. चौदाव्या शतकातली लांब पाती पुढच्या काळातल्या योद्ध्यांना गैरसोयीची झाली. मग ती खालच्या बाजूने, म्हणजे नाकागोकडून, कापून लहान केली गेली. त्या कापण्यात सही गेली. म्हणून त्या काळातल्या अनेक श्रेष्ठ तलवारींवर आज नाव नाही. नवखा माणूस सही नसलेल्या पात्याकडे पाठ फिरवतो आणि सही असलेल्यावर झडप घालतो. इथेच तो फसतो.

खोट्या सहीला गिमेई म्हणतात आणि ती आजची गोष्ट नाही. तोकुगावा शोगुनांच्या एदो काळातही मोठ्या नावांना भेटवस्तू म्हणून मागणी होती आणि ती भागवायला खोट्या सह्या कोरल्या जात. मासामुने, मुरामासा, सतराव्या शतकातले कोतेत्सू आणि सुकेहिरो ही नावं तर पहिल्या नजरेत खोटीच समजावीत आणि खरेपणाचा भार पुराव्यावर टाकावा. सहीच्या अक्षरांतला छिन्नीचा प्रत्येक घाव खऱ्या सहीच्या नोंदलेल्या ठशांशी ताडून पाहावा लागतो. शिवाय सही आणि पातं यांचं एकमेकांशी जुळलं पाहिजे. अक्षरं कितीही सुबक असोत, पात्याचा आकार शंभर वर्षं नंतरचा असेल तर सही खोटी. खोटी सही असलेलं पातं टाकाऊ असतं असं मात्र नाही. ते दुसऱ्या कुणा चांगल्या लोहाराचं उत्तम काम असू शकतं.

कागदपत्रांचं वजन

तलवारींची पारख लिहून देण्याची प्रथा होनआमी घराण्याने रुजवली. हे घराणं पात्यांना पॉलिश करणाऱ्यांचं आणि पारख्यांचं. अठराव्या शतकात आठवे शोगुन योशिमुने यांच्या सांगण्यावरून त्यांनी नामांकित तलवारींची यादी सिद्ध केली. तीतलं नाव आजही तलवारीचा मान वाढवतं.

आजची मुख्य संस्था म्हणजे जपानी कला-तलवारींच्या जतनासाठी १९४८ साली स्थापन झालेली एन.बी.टी.एच.के. तिच्या जन्माची पार्श्वभूमी युद्धोत्तर जप्तीची आहे. होन्मा जुन्जी आणि सातो कान्झान या अभ्यासकांनी अमेरिकन अधिकारी कर्नल कॅडवेल यांना पटवून दिलं की या तलवारी कलावस्तू आहेत. त्यामुळे कलामूल्य असलेल्या तलवारी वितळवण्यापासून वाचल्या. तोक्योच्या आकाबाने इथल्या कोठारात जमा झालेल्या हजारो तलवारी त्यातूनच टिकल्या आणि त्यांतल्या कित्येक पुढे संग्रहालयांकडे गेल्या. या संस्थेचं तलवार संग्रहालय २०१८ पासून तोक्योतल्या र्‍योगोकू भागात आहे.

संस्थेचे दाखले चढत्या श्रेणीत चार : होझोन, तोकुबेत्सू होझोन, ज्यूयो आणि तोकुबेत्सू ज्यूयो. पहिल्या दोन श्रेणींचा अर्थ असा की सही खरी आहे किंवा पारख पटण्याजोगी आहे आणि वस्तू जतनायोग्य आहे. वरच्या दोन्ही श्रेणी निवडक कामांसाठी. खोट्या सहीच्या पात्याला दाखला मिळत नाही. जुन्या पद्धतीचे दाखले १९८२ मध्ये बंद झाले. त्यांतले काही संशयास्पद ठरले आहेत, म्हणून जुना दाखला असलेली तलवार नव्याने तपासून घेण्याचा रिवाज पडला.

नवख्याने पहिली खरेदी दाखल्याशिवाय करू नये, हे माझं मत ठाम आहे. पण दाखला हा अभ्यासाचा पर्याय नव्हे. बिनसहीच्या पात्यावर दिलेलं नाव हे तज्ज्ञांचं मत असतं, आणि मतं बदलतात. एकाच श्रेणीच्या दोन तलवारींत गुणवत्तेचं मोठं अंतर असू शकतं. कागद विकत घेणारे पुष्कळ असतात. छांदिष्टाने पातं विकत घ्यावं आणि कागद सोबत आहे याचं समाधान मानावं.

झीज, दोष आणि पॉलिश

काही दोष सहन होतात, काही होत नाहीत. घड्यांचा जोड थोडा उघडलेला असणं, अंगावर लहानसा फोड दिसणं, हे जुन्या पात्यात चालून जातं. पण धारेपासून आत हामोन ओलांडून गेलेली केसासारखी उभी चीर, हागिरे, हा जीवघेणा दोष. ती नुसत्या नजरेला सहज दिसत नाही आणि दिव्याखाली कलतं धरून शोधावी लागते. आगीत सापडून पाणी उतरलेलं आणि नंतर पुन्हा पाणी दिलेलं पातं हेही जाणकाराच्या दृष्टीने खालच्या पायरीवर जातं, कारण मूळ लोहाराचा हामोन त्यात उरत नाही.

पॉलिश हा स्वतंत्र विषय आहे. खरखरीत दगडापासून सुरुवात करून क्रमाने अधिकाधिक मऊ दगड वापरले जातात आणि शेवटी बोटाच्या पेराएवढ्या पातळ चकत्यांनी अंग आणि हामोन वेगवेगळे उजळले जातात. आकाराची प्रत्येक कड नेमकी राखायची असते. हे शिकायला उमेदीची वर्षं जातात. होनआमी निश्शू, फुजिशिरो मात्सुओ यांच्यासारख्या पॉलिश करणाऱ्यांना जपानने जिवंत राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला तो याचसाठी.

प्रत्येक पॉलिशमध्ये पोलाद झिजतं. वरचा घडीचा थर संपला की आतला मऊ गाभा उघडा पडतो, आणि तो परत झाकता येत नाही. म्हणून घरी सॅंडपेपर, ग्राइंडर किंवा भांड्यांच्या पावडरीने पातं घासणं हा अक्षम्य प्रकार आहे. दहा मिनिटांच्या उत्साहात शतकांचं काम जातं. गंजलेलं पातं मिळालं तर तेलाचा हलका हात फिरवून ते तसंच ठेवावं आणि प्रशिक्षित माणसाला दाखवावं. पूर्ण पॉलिशचा खर्च अनेकदा पात्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो, तेव्हा स्वस्तात मिळालेलं गंजकं पातं स्वस्त नसतं.

रोजची निगा साधी आहे. पात्याला बोट लावायचं नाही, त्यावर बोलायचं नाही, कारण घाम आणि थुंकी यांनी काही तासांत डाग पडतो. अधूनमधून जुनं तेल मऊ कागदाने पुसून नव्या तेलाचा अगदी पातळ थर द्यायचा. पातं साध्या लाकडी म्यानात, शिरासायात, धार वर करून आडवं ठेवायचं. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत पावसाळ्याचे चार महिने ही तपासणी वारंवार करावी लागते.

साजाची स्वतंत्र दुनिया

तलवारीच्या साजाला कोशिराए म्हणतात. त्यात मुठीपुढची आडवी चकती त्सुबा, मुठीच्या दोन टोकांच्या टोप्या फुची आणि काशिरा, मुठीच्या विणीखाली बसवलेली छोटी शिल्पं मेनुकी, म्यानाच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या चाकूची मूठ कोझुका आणि कोगाई नावाची सळी, एवढं येतं. यांतला प्रत्येक भाग सुटा जमवणारे संग्राहक आहेत आणि माझ्या मते नवख्यासाठी हाच सर्वांत चांगला दरवाजा.

गोतो घराणं या कलेतलं सर्वांत मोठं. मूळ पुरुष गोतो यूजो (१४४०–१५१२) अशिकागा शोगुनांच्या सेवेत होते, आणि पुढे सतरा पिढ्या हे घराणं सत्ताधीशांसाठी काम करत राहिलं. त्यांचा आवडता धातू शाकुदो, म्हणजे तांब्यात थोडं सोनं घालून केलेला मिश्रधातू. ठराविक क्षारांच्या द्रावणात उकळला की त्याला निळसर काळी झळाळी येते. शिबुइची हा तांब्या-चांदीचा मिश्रधातू, त्याला राखाडी छटा येतात. हे रंग पृष्ठभागावरच्या अत्यंत पातळ थराचे असतात. पितळेची भांडी घासायच्या पावडरीने शाकुदो घासला की तो रंग कायमचा गेला म्हणून समजा.

गोतोंची एखादी कोझुका भिंगाखाली धरून पाहावी. काळ्याभोर पार्श्वभूमीवर खसखशीपेक्षाही बारीक गोल दाणे सरळ रांगांत बसलेले दिसतात. याला नानाको म्हणतात. प्रत्येक दाणा पोकळ टोकाच्या छिन्नीवर हातोडीचा एकेक ठोका मारून उमटवलेला असतो. चांगल्या कामात रांग ढळत नाही, दाण्यांची उंची बदलत नाही आणि सोन्याच्या उठावाच्या कडेपर्यंत दाणे न चेपता पोचतात. हलक्या कामात कडेला आल्यावर कारागिराची घाई दिसते. पन्नास चांगल्या आणि पन्नास सामान्य कोझुका अशा पाहिल्या की पुस्तकात न मिळणारी समज येते.

लोखंडी त्सुबांचं सौंदर्य वेगळं. सात-आठ सेंटिमीटरची चकती, अंगावर चॉकलेटी-काळा गंजाचा तुकतुकीत थर, आणि कापून काढलेली एखादी साधी आकृती. हिगो प्रांतात, आजच्या कुमामोतोत, होसोकावा सान्साई या चहाविधीतल्या रसिक सरदाराच्या आश्रयाने हायाशी माताशिची आणि इतरांनी लोखंडाला जे संयत रूप दिलं, त्याला तोड नाही. माताशिची मूळचा बंदुकीच्या नळ्या घडवणारा. त्याआधी कानेइए यांनी लोखंडी चकतीवर निसर्गदृश्य आणलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला योकोया सोमिन यांनी दरबारी चौकट सोडून शहरी ग्राहकांसाठी काम केलं आणि कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखी छिन्नी चालवली.

१८७६ च्या बंदीनंतर या कारागिरांचं काम एका रात्रीत थांबलं. कानो नात्सुओ (१८२८–१८९८) यांच्यासारखे मोजके टिकले. मेइजी सरकारच्या नव्या नाण्यांच्या घडणीचं काम त्यांच्याकडे आधीच आलं होतं. साजाचे ढीग मात्र पाश्चात्त्य बाजारात गेले आणि युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांतले त्सुबांचे मोठे संग्रह तेव्हाच उभे राहिले. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाला विल्यम स्टर्जिस बिगेलो यांनी दिलेल्या जपानी संग्रहात तलवारी आणि साज दोन्ही आहेत.

त्सुबातही नकला असतात. ओतीव नक्कल ओळखायची तर जाळीच्या आतल्या कडा पाहाव्यात. हाताने कापलेल्या कडेवर हत्याराची धार असते, ओतीव कडा गोलसर आणि मऊ असते. मधल्या भोकात तांब्याची भर घातलेली दिसली तर ती त्सुबा प्रत्यक्ष पात्यावर बसली होती, कदाचित एकापेक्षा जास्त पात्यांवर. हा वापराचा पुरावा, दोष नव्हे. एक पथ्य मात्र पाळावं. जुना संपूर्ण साज हाती आला तर तो सुटा करून विकू नये. एकत्र राहिलेले भाग दरवर्षी दुर्मीळ होत आहेत.

गोव्याचा धागा

पोर्तुगीजांची जपानकडची वार्षिक सफर गोव्याहून निघे आणि मलाक्का, मकाव करत नागासाकीला पोचे. फ्रान्सिस झेवियरही १५४९ मध्ये गोव्याहूनच जपानला निघाले. या समुद्री व्यापाराची खूण तलवारींवर उमटली आहे. तोकुगावा इएयासूंच्या पदरी असलेला एचिझेनचा लोहार यासुत्सुगू आपल्या पात्यांवर नानबान लोखंड, म्हणजे दक्षिणेकडून आलेलं परदेशी लोखंड, वापरल्याचं अभिमानाने कोरत असे. त्यातलं काही भारतीय असावं असं अनेक अभ्यासकांना वाटतं. गुंतागुंतीच्या वेलींची आणि परदेशी आकृत्यांची नानबान त्सुबाही याच संपर्काच्या छायेत वाढली. आपल्याकडे पोर्तुगीज पात्यांना मराठी मूठ चढून फिरंग झाली, तिकडे परदेशी लोखंड जपानी ऐरणीवर चढलं. मराठी अभ्यासकाला हात घालण्याजोगा हा विषय आहे.

युद्धकाळातल्या तलवारी

बाजारात सर्वांत जास्त भेटतात त्या दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी तलवारी, गुन्तो. यांत तीन वेगळ्या वस्तू एकाच वेषात असतात. कारखान्यात यंत्रावर काढलेलं पातं, अर्धपारंपरिक पद्धतीने तेलात पाणी दिलेलं पातं, आणि परंपरेनुसार तामाहागानेतून घडवलेलं पातं. तोक्योच्या यासुकुनी देवस्थानाच्या आवारात १९३३ ते १९४५ दरम्यान घडलेली पाती तिसऱ्या वर्गातली. कधी लष्करी मुठीआड घरातली चारशे वर्षांची तलवारही निघते, कारण अधिकारी वडिलोपार्जित पातं नव्या साजात बसवून आघाडीवर नेत. पहिल्या वर्गाला युद्धेतिहासाची किंमत आहे, कलेची नाही. जपानमध्ये अशा यांत्रिक तलवारींची नोंदणीच होत नाही.

१९४५ मध्ये आग्नेय आशियातल्या शरणागतीत माउंटबॅटन यांनी जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी समारंभपूर्वक खाली ठेवाव्यात असा आग्रह धरला. ब्रह्मदेश आणि मलायातून त्या ब्रिटिश आणि भारतीय पलटणींबरोबर बाहेर गेल्या. अशी तलवार कुणाकडे असेल तर तिच्याबरोबरची चिठ्ठी, लाकडी ओळखपट्टी, घरात ऐकलेली हकीकत हे सगळं लिहून ठेवावं. हा माग तुटला की तो पुन्हा जोडता येत नाही.

कायदा आणि पैसा

जपानमध्ये १५ सेंटिमीटरच्या वरच्या पात्याला प्रांताच्या शिक्षण मंडळाचं नोंदणीपत्र लागतं. देशाबाहेर न्यायचं तर सांस्कृतिक विभागाकडून ते राष्ट्रीय ठेवा किंवा महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. ब्रिटनने २००८ मध्ये ५० सेंटिमीटरवरच्या वक्र तलवारींच्या विक्रीवर बंदी घातली, पण जुन्या आणि पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या तलवारींना सूट ठेवली.

भारतात १९५९ चा शस्त्र अधिनियम धारदार शस्त्रांनाही लागू होतो आणि शस्त्र आयात करायला परवाना लागतो. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला बाहेर नेता येत नाही, त्यामुळे एकदा इथे आलेली तलवार परत नेताना अडचण येऊ शकते. आधी लेखी चौकशी, मग व्यवहार, हाच मार्ग. त्सुबा, मेनुकी, कोझुकाची मूठ यांना धार नसते. भारतात राहणाऱ्याने साजापासून सुरुवात करावी असं सांगण्यामागे हेही कारण आहे.

पैशांबद्दल एवढंच की सारख्या दर्जाच्या कामात वाकिझाशी कातानापेक्षा बरीच स्वस्त पडते. नाव कमी प्रसिद्ध, पण दाखला आणि पॉलिश चांगलं असलेली वाकिझाशी अभ्यासाला उत्तम. दहा गंजकी पाती घेण्याइतक्या पैशांत एक निरोगी पातं घ्यावं. सहा शतकांपूर्वीचा हामोन स्पष्ट दिसतो तो त्या एकातच. चिनी बनावटीच्या नव्या तलवारी जुन्या म्हणून खपवल्या जातात. आम्लाने काढलेला निर्जीव हामोन, घसरत्या अक्षरांतली सही आणि नाकागोवरचा लाल गंज ही त्यांची लक्षणं.

छंद कुठे चालला आहे

जपानमध्ये या विषयाला नवा वाचक मिळाला तो अनपेक्षित वाटेने. २०१५ मध्ये आलेल्या तोकेन रानबू या संगणकीय खेळात नामवंत तलवारी पात्रं म्हणून आल्या, आणि संग्रहालयांत तरुण मुलींच्या रांगा लागल्या. २०२० मध्ये ओकायामा प्रांतातल्या सेतोउची शहराने उएसुगी केन्शिन यांच्या संग्रहातली सान्चोमो ही राष्ट्रीय ठेव्यातली तलवार ५० कोटी येनना विकत घेतली, तीही लोकवर्गणीतून. ही तलवार घडली त्या बिझेन ओसाफुने परिसरातच ती आता राहते. प्रेम असलं तर लोक किती देतात याचं हे ठळक उदाहरण.

भारतातल्या छांदिष्टाला हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जपानी तलवारी पाहता येतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या देणगीतल्या जपानी कलावस्तू आहेत आणि त्या पाहिल्या की जपानी कारागिराच्या हाताची ओळख होते. वाचनासाठी नागायामा कोकान यांचं पारखशास्त्रावरचं आणि बी. डब्ल्यू. रॉबिन्सन यांचं १९६१ चं, अशी दोन पुस्तकं इंग्रजीत उपलब्ध आहेत.

या छंदातले खरे प्रश्न शेवटी तीनच उरतात. मी काय पाहतो आहे? ते खरं आहे हे मला कशावरून कळलं? आणि माझ्या हाती असताना त्याचं काही बिघडणार नाही याची व्यवस्था मी केली आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं अभ्यासातून मिळतात. तिसऱ्याचं उत्तर स्वभावातून द्यावं लागतं. प्रत्येक वस्तूची मापं, छायाचित्रं, दाखले, कुणाकडून आली याची नोंद आणि आपल्यानंतर ती कुणाकडे जावी याची लेखी सूचना, एवढं एका वहीत असावं. घरच्यांना ती वही कुठे आहे हे माहीत असावं. संग्राहक गेल्यावर अडगळीत गेलेले, मोडीत निघालेले किंवा सुटे करून विकलेले संग्रह या क्षेत्रात फार आहेत. ज्या तलवारी आज आपण पाहू शकतो, त्या तीस-चाळीस पिढ्यांतल्या माणसांनी हातचं न राखता जपल्या म्हणून. त्या साखळीत आपला वाटा चोख बजावायचा असेल, तर खरेदीची पहिली पावती फाडण्याआधी नजर तयार करायला हवी आणि त्या वहीचं पहिलं पान लिहायला हवं.